कासारवडवली ते महापे रोजचं जाणं-येणं: 100 सीसी पुरेल की 125 घेऊ?

घोडबंदरी
राहायला कासारवडवली, नोकरी महाप्याच्या एमआयडीसीत. आतापर्यंत टीएमटीच्या बसने ठाणे स्टेशन, ट्रान्सहार्बर लोकलने कोपरखैरणे, पुढे शेअर रिक्षा असं चाललं होतं. आता सेकंड शिफ्ट लागलीय. रात्री साडेअकराला सुटलं की रिक्षावाला बोलेल तो भाव. म्हणून बाईक घेतोय. एकेरी 22-23 किलोमीटर पडतील. ऑनरोड लाखाच्या आत बसवायचंय. उंची 5 फूट 4. रविवारी बायको आणि पाच वर्षांची मुलगी सोबत असणार. स्प्लेंडर, शाइन 100 आणि शाइन 125 बघून आलो. चुलतभाऊ म्हणतो 100 सीसी म्हणजे दूधवाल्याची गाडी.

कळव्याचा पक्या
दूधवाला रोज पहाटे चारला गाडी काढतो आणि ती सुरू होते. चुलतभावाची होते का विचार.

विटाव्याचे काका
पहिली स्प्लेंडर 2013 ची होती, कार्ब्युरेटरवाली. ती भाच्याला दिली. आताची 2021 ची, बीएस-6. दोन्ही रबाळ्याच्या कंपनीत जाण्यायेण्यातच झिजल्या, तेव्हा तुमचा अर्धा रस्ता माझ्या पायाखालचा आहे.

आधी तुमचा रस्ता बघा. मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रोडला तिसरा गिअर टाकेपर्यंत ब्रेक लागतो. माजिवड्यापासून कळवा नाक्यापर्यंत पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. 125 ची ताकद दिसणार ती ऐरोलीच्या पुढे, ठाणे-बेलापूर रोडला. रात्री तिथे कंटेनर सुसाट असतात. स्प्लेंडर साठच्या पुढे ओढत नेली की हँडलला मुंग्या येतात. शाइन 125 ला जवळजवळ पावणेअकरा पीएस (म्हणजे इंजिनाची ताकद, हॉर्सपॉवरसारखी) आहेत, स्प्लेंडरला आठ. हा फरक कंटेनरच्या बाजूने निघताना कळतो, बाकी दिवसभर नाही.

पेट्रोलचा हिशोब: रोज 45 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 1125. साठचं ॲव्हरेज धरा, 19 लिटर. 125 ने पन्नास-पंचावन्न दिलं तर दोन ते चार लिटर जास्त. त्यासाठी झोप घालवू नका.

शाइन 100 हलकी आहे, 99 किलो. सोसायटीच्या पार्किंगमधून उलटी काढताना बरी पडेल. पण तिची चाकं 17 इंची, स्प्लेंडरची आणि शाइन 125 ची 18. आपल्याकडच्या खड्ड्यांत हा एक इंच मणक्याला कळतो. माझा मणका साक्षीला आहे.

आता विटाव्याच्या रेल्वे पुलाखालचं सांगतो, कारण ते कुठल्याच शोरूमात सांगत नाहीत. जुन्या गाडीच्या वेळी एका जुलैत तिथे गुडघ्याच्या वर पाणी होतं. पुढचा रिक्षावाला गेला म्हणून मीही घातली. मध्यावर बंद पडली. मी शहाणा, सेल्फ दाबत बसलो. एअर फिल्टरमधून पाणी आत गेलेलं असताना इंजिन फिरवलं तर पिस्टन पाण्यावर आपटतो. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. माझं नशीब, बॅटरी आधी दमली. मेकॅनिकने प्लग काढून किक मारून पाणी बाहेर काढलं, दोनदा ऑइल बदललं, तेव्हा गाडी बोलली. पाण्यात बंद पडली की बटणाला हात न लावता ढकलत बाहेर या. इन्शुरन्समध्ये हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्टची जोड वेगळी घ्यावी लागते. ते शे-दोनशे वाचवू नका.

चेन मात्र विसरू नका. कव्हर बंद असल्यामुळे ती दिसत नाही, म्हणून लोक विसरतात. कव्हरचं रबरी बूच काढून बोटाने वरखाली करायची, साधारण इंचभर हलली पाहिजे. पावसाळ्यात मी दर पंधरा दिवसांनी बघतो.

आणि एक सर्व्हिस सेंटर (नाव घेत नाही) मला दर वेळी टेफ्लॉन कोटिंग चिकटवायचं. फ्री सर्व्हिसचं बिल बाराशे! जॉबकार्डवर सही करण्याआधी वाचा, नको ते खोडा.

राहता राहिलं तिघांचं. मालक, मागे एकच माणूस बसतो, कायद्याने. पाच वर्षांची मुलगी हेल्मेटसह एक सवारी. रविवारी रिक्षा करा.

ऐरोली सेक्टर 8
काकांशी थोडी असहमत. मी शाइन 125 चालवते, डिस्क ब्रेकवाली. रात्री साडेअकराला परतणाऱ्या माणसाने पुढचा डिस्क सोडू नये. सीबीएसमुळे (दोन्ही ब्रेक जोडलेले असतात) मागचा पेडल दाबला की पुढचाही लागतो हे खरं, पण ओल्या रस्त्यावर कंटेनरमागे ड्रम आणि डिस्क यातला फरक मी स्वतः बघितलाय. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी 28 वरून 18 टक्के झाल्यापासून 125 सुद्धा लाखाच्या आसपास येते. डीलरला ॲक्सेसरी पॅक काढून कोटेशन मागा. साडी गार्ड, पायदान, सीट कव्हर हे सगळं बाहेर स्वस्त मिळतं.

विटाव्याचे काका
डिस्कचं बरोबर बोललात, ताई. माझी ड्रम आहे म्हणून मी विषय टाळला.

घोडबंदरी
काल संध्याकाळी शाइन 125 ची टेस्ट राइड घेतली. दोन्ही पाय टेकतात. डिस्कचं कोटेशन पॅक काढल्यावर बजेटच्या चार हजार वर गेलं, ते चुलतभावाकडून घेणार आहे. मुलगी हेल्मेट बघायला माझ्यासोबत आली होती, तिला गुलाबी पाहिजे. आयएसआय मार्कवालं गुलाबी, लहान मापाचं ठाण्यात कुठे मिळेल?

कळव्याचा पक्या
स्टेशनाजवळच्या फुटपाथवरचं घेऊ नकोस, तिथे स्टिकरसुद्धा सुटे मिळतात. दुकानात जा आणि तिच्या डोक्यावर घालून, पट्टा लावून हलवून बघ.