एमजीबीचं पुढचं सस्पेन्शन: टेलिस्कोपिक शॉक घालू का?

क्रोमबंपर६७
गाडी १९६७ ची एमजीबी जीटी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. ब्रेक दाबला की पुढून डावीकडे 'टक्' असा आवाज येतो, खड्ड्यानंतर नाक डुलत राहतं आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं. मूळचे लिव्हर-आर्म शॉक (हात असलेले तेलाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) तसेच ठेवून शेजारी टेलिस्कोपिक (नळीत नळी सरकणारे) लावायचं किट परवडतंय. बसवू का?

वळणवाट
त्यापेक्षा थोडं थांबून कॉइलओव्हरचं (स्प्रिंग आणि शॉक एकत्र) पूर्ण किट घ्या. वरचे विशबोन (चाक धरून ठेवणारे हात) नवे मिळतात, कॅम्बरही (चाकाचा उभा कल) बदलता येतो.

ग्रीसगन
दोन्हींपैकी काहीही मागवण्याआधी पुढचा भाग जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा. या गाडीत लिव्हर-आर्म शॉकचे हातच वरच्या विशबोनचं काम करतात. तुम्ही म्हणताय त्या किटमध्ये हे हात जागेवरच राहतात, उसळी आवरायचं काम तेवढं टेलिस्कोपिककडे जातं. म्हणजे शॉकच्या स्पिंडलला (हात ज्यावर फिरतो तो दांडा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, असला तर पैसे घालूनही तो तसाच राहणार! शॉकमधून तेल गळतंय का, तेही बघा. डुलण्याचं कारण बहुतेक तिथेच सापडेल.

मग चाक वरून आणि खालून धरून हलवा. प्ले लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग. राहिला तर किंगपिन (जिच्याभोवती चाक वळतं ती पिन), वरचा ट्रनियन (तिला शॉकच्या हाताशी जोडणारा सांधा) किंवा तोच शॉक. कुठे हलतंय ते बॅटरी मारून दिसतं.

ब्रेकच्या 'टक्'साठी माझा पहिला संशय खालच्या विशबोनच्या आतल्या बुशांवर (सांध्यातल्या रबरी नळ्या). तिथे एमजीबी जीटी व्ही८ चे बुश घाला. रबर धातूच्या नळीला चिकटवलेलं असतं, त्यामुळे टिकतात आणि पॉलियुरेथेनसारखे कडकही लागत नाहीत. रोजच्या रस्त्यासाठी मला यापेक्षा चांगलं काही माहीत नाही. फक्त नट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. चाक लटकत असताना आवळलेत तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

स्प्रिंग काढणार असाल तर कृपा करून घाई नको. ती दाबलेली असते, सुटली तर हात मोडेल. स्प्रिंगखालच्या पॅनचे बोल्ट काढताना त्यांच्या जागी लांब बोल्ट घालून पॅन हळूहळू उतरवा.

क्रोमबंपर६७
पाहिलं. डावं चाक ब्रेक दाबूनही हलतंय, किंगपिनपाशीच. त्या बाजूचे बुशही चिरलेत. उजवा शॉक ओला आहे, पण स्पिंडल दोन्हीकडे घट्ट. नुसती किंगपिन बदलली तर चालेल?

ग्रीसगन
नाही, तिचे धातूचे बुशही बदला. नवे बुश दाबून बसवल्यावर रीमरने (भोक आतून घासायचं हत्यार) मापात आणावे लागतात, ते घरी जमण्यासारखं नाही. तयार केलेली जोडणीच घ्या. उजवा शॉक दुरुस्तीला द्या. दर बाजूला तीन ग्रीस निपल आहेत. ग्रीस भरताना चाकं अधांतरी ठेवा, म्हणजे ते भार पडणाऱ्या जागेत शिरतं. शेवटी टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूने किती आत वळलेली ते) १.५ ते २.४ मिमी ठेवून घ्या.

क्रोमबंपर६७
सामान मागवतो. टेलिस्कोपिक किट सध्या नको.