शुबर्टचं ९२वं स्तोत्र: उच्चार कुठला ठेवायचा? मदत हवी आहे

ऑस्ट्रियन संगीतकार शुबर्टने १८२८ मध्ये व्हिएन्नाच्या सिनेगॉगसाठी (ज्यूंच्या प्रार्थनास्थळासाठी), तिथला मुख्य गायक झुल्त्सर याच्या सांगण्यावरून, हिब्रूत बांधलेलं बायबलमधलं ९२वं स्तोत्र बसवतोय. बॅरिटोन (मध्यम पुरुषी आवाज) सोलो आणि चार आवाजांचा कॉयर (गायकवृंद), साथीला वाद्य नाही. गायक बहुतेक बेने इस्रायल (महाराष्ट्रातले ज्यू), त्यामुळे तोंडी हिब्रूचे सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या परंपरेचे) उच्चार. स्वरलिपीत मात्र अश्कनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंचे. ‘लेहोदोस’चं ‘लेहोदोत’, ‘लाडोनोय’चं ‘लाडोनाय’ करून पाहिलं, अक्षरं सहज बसतात. घोडं अडतं आघातावर: आम्ही शेवटच्या अक्षरावर जोर देतो, अश्कनाझीत तो बहुधा आधीच्या अक्षरावर असतो. सगळंच अश्कनाझीत गाऊन पाहिलं, तर अल्टो (खालच्या पट्टीतल्या बायका) आणि बास (सर्वांत खालच्या पट्टीतले पुरुष) मधेच ‘स’ऐवजी ‘त’वर घसरतात. सूर बदलायचे नाहीत. सुरांची लांबी थोडी हलवली तर चालेल. ज्यांनी हे गायलंय त्यांनी सांगावं: आघात शब्दाप्रमाणे सरकवायचा, की मात्रेवरच राहू द्यायचा?