पीपीएफ लावलेली गाडी बोअरच्या पाण्यानं धुवावी का? मराठवाड्यातल्या मंडळींचा सल्ला हवा

बार्शीरोड_लातूर
नमस्कार मंडळी. नवी गाडी घेतली, गडद निळी. संभाजीनगरला पूर्ण गाडीला पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी पारदर्शक फिल्म, लावून घेतली, ग्लॉस, टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची. आठवडाभर पाणी लावू नका म्हणाले होते, ते पाळलं. आता धुवायची वेळ आलीय आणि काय करावं कळेना.

अपार्टमेंटला बोअरचं पाणी. बादलीवर, नळावर पांढरा थर धरतो, गिझरची कॉइल टिकत नाही. तेच पाणी गाडीवर मारायचं का? वॉचमन रोज सकाळी फडक्यानं पुसून देतो म्हणतोय, सगळ्यांच्याच पुसतो. वॉशिंग सेंटरला न्यावी तर तिथं प्रेशर मारतात. त्यात औशाकडं गावी सारखं जाणं असतं आणि शेवटचा पट्टा कच्चा. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टरच्या मागं नुसता धुरळा. वरून सिरॅमिक कोटिंगचा थर पण द्या असं एक जण म्हणतोय. पैसा बराच घातलाय, म्हणून नीट विचारून मगच हात लावावा म्हणलं.

गोदाकाठ_डिटेलिंग
दादा, नांदेडला हेच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी वॉचमनला थांबवा. त्याला महिन्याचे पैसे द्यायचे तर द्या, पण फडका लावू देऊ नका. आपल्याकडची धूळ म्हणजे काळ्या मातीची भुकटी, मुरूम आणि खडीचा चुरा. एकाच फडक्यानं ती कोरडी ओढली, त्यात तोच फडका आधीच्या दहा गाड्यांवरून आलेला, तर फिल्म असो नसो, ओरखडे पडणारच. गडद रंगावर तर उन्हात जाळं दिसतं.

फिल्म साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाड असते. तिच्या वरच्या थराला उष्णता मिळाली की बारीक ओरखडे मिटतात, हे खरंय. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं 42-43 अंशाला बॉनेट असं तापतं की वेगळं काही करायची गरज नाही, एरवी कोमट पाणी टाकलं तरी पुरतं. पण हे फक्त वरवरच्या ओरखड्यांचं. खड्यानं वरचा थर कापला गेला की तो परत जुळत नाही. आणि क्षाराच्या डागाचा तर या गुणाशी काही संबंधच नाही. लोक समजतात फिल्म लावली म्हणजे गाडीला चिलखत घातलं, आता कशीही घासा. दगड उडून रंग जाऊ नये हे फिल्मचं काम, ते ती चोख करते. पण आमच्याकडं ज्या फिल्म खराब होऊन येतात त्या दगडांनी कमी आणि कोरड्या फडक्यानं व उन्हात वाळलेल्या बोअरच्या पाण्यानं जास्त.

पाण्याचं सांगण्याआधी एक करा. टीडीएस मीटर घ्या, एका लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते तो दाखवतो, काहीशे रुपयांत ऑनलाइन मिळतो. बोअरचा आकडा इथं टाका.

जालनेकर
वरच्या दादांशी सहमत. एक भर घालतो. एमआयडीसीत स्टीलच्या रोलिंग मिलजवळ गाडी लावणाऱ्यांना माहीत असेल, पांढऱ्या गाडीवर नारिंगी टिपके येतात. ते लोखंडाचे कण असतात, गंजतात. नखानं किंवा क्ले बारनं (कण ओढून काढायची चिकणमातीसारखी वडी) घासू नका, फिल्मचा वरचा थर मऊ असतो. फिल्मला चालणारा आयर्न रिमूव्हर मारा, सावलीत, गार पत्र्यावर. जांभळा रंग ओघळला की लगेच धुवा, वाळू द्यायचा नाही.

बार्शीरोड_लातूर
शेजाऱ्याकडं मीटर होता. बोअर 1140. घरच्या आरओचं पाणी 60. आता एक सुचतंय, आरओमधून वाया जाणारं पाणी साठवून त्यानं धुतली तर? तेवढंच पाणी वाचंल.

गोदाकाठ_डिटेलिंग
नको, अजिबात नको. आरओ जे क्षार काढतो ते सगळे त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच जातात. तुमच्या बोअरपेक्षा त्याचा आकडा जास्त येईल, मीटर आहेच तर मोजून बघा. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीही तसंच. पाणी उडून जातं, क्षार खाली राहतात. ही पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा, गाडीला नाही.

1140 म्हणजे जड पाणी आहे. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात 500 पर्यंत चांगलं धरलंय आणि दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतलंय. पिणं वेगळं आणि काळ्या-निळ्या पत्र्यावर उन्हात वाळणं वेगळं. थेंब वाळला की कॅल्शियम-मॅग्नेशियम गोल कडं करून बसतं. तेच कडं तापत राहिलं तर वरच्या थरात खोल जातं आणि मग कशानं निघत नाही.

तुमच्यासाठी मला योग्य वाटतं ते असं. शेतीच्या दुकानात पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप मिळतो, 16 लिटरच्या आसपास टाकी असते. नवाच घ्या आणि गाडीशिवाय कशालाही वापरू नका. शेतातला तणनाशकाचा पंप धुऊनसुद्धा घेऊ नका. पहाटे किंवा दिवस मावळल्यावर, पत्रा हाताला गार लागत असताना, आधी बोअरच्याच पाण्यानं माती भिजवून खाली वाहू द्या. चाकांच्या वरच्या कमानी, दारांच्या खालच्या पट्ट्या, मागचा बंपर इथं गावाकडची चिकट काळी माती धरते, तिथं घाई करायची नाही. भिजली की ती स्वतःहून सुटते, ओली असताना घासली तर तिच्यातली बारीक खडी ओरखडते. मग दोन बादल्या, एकीत शांपू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा मिट (धुवायचा हातमोजा) शांपूत बुडवा, वरून खाली सरळ रेषेत फिरवा, गोल गोल नाही, आणि प्रत्येक वेळी साध्या पाण्यात झटकून मगच परत शांपूत. चाकांचा मिट वेगळा. शांपू पीएच न्यूट्रल लिहिलेला घ्या. भांड्याचा साबण आणि कपड्याची पावडर नको.

हे सगळं बोअरवर चालतं. शेवटचं पाणी तेवढं गोडं पाहिजे. पंपात आरओचं पाणी भरून वरून हलकं मारलं की क्षार धुऊन जातात, एका गाडीला आठ-दहा लिटर पुष्कळ होतात. लगेच मोठ्या, जाड मायक्रोफायबर टॉवेलनं पाणी टिपून घ्या. टॉवेल पसरून ओढायचा, दाबायचा नाही. आरसे, हँडल, टेललाइटच्या फटी यातून मागाहून पाणी ओघळतं, तिथं परत एकदा बघा.

मांजराकाठ
एक मनापासून विचारतो, राग मानू नका. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आजही कितीतरी गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. आणि आपण पिण्याचं आरओचं पाणी गाडीवर ओतायचं? मला हे पटत नाही.

गोदाकाठ_डिटेलिंग
काका, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि मी ते गिऱ्हाइकांनाही सांगतो. पण पाइप लावून गाडी धुतली तर शे-दीडशे लिटर सहज जातात, आणि त्याचा हिशोब कुणी धरत नाही. पंप आणि दोन बादल्यांत सगळं मिळून तीस-चाळीस लिटरमध्ये होतं. त्यातले दहा लिटर गोडे.

टंचाईच्या महिन्यांत तर रिन्सलेस वॉश करा, म्हणजे वरून पाणी न मारता धुणं. एका बादलीत त्याचं झाकणभर द्रावण, तेच आधी पंपानं धुळीवर मारायचं, चार-पाच मिनिटं थांबायचं, मग भिजलेल्या मायक्रोफायबरनं एका दिशेनं पुसायचं. घडीची बाजू सारखी बदलायची, मळलेली बाजू परत पत्र्याला लावायची नाही. वरून पाणी मारावं लागत नाही. मात्र चिखल बसला असेल तर हे चालत नाही, तिथं आधी पाणी लागतंच.

काळीमाती_परभणी
पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हाळीचं पाणी धरून ठेवा, त्यात क्षार जवळपास नसतात. पहिला पाऊस सोडून द्यायचा, छतावरची घाण त्यात येते. नंतरचं कापडानं गाळून ड्रममध्ये झाकून ठेवा. आम्ही शेवटचं पाणी तेच वापरायलोय, आरओची गरजच पडत नाही.

मांजराकाठ
हे बरोबर आहे. पन्हाळीचं पटलं.

बार्शीरोड_लातूर
काका, तुमचा मुद्दा डोक्यात ठेवतो. पन्हाळीची सोय गावाकडच्या घरी होण्यासारखी आहे. आता प्रेशरचं आणि सिरॅमिकचं सांगा कुणीतरी.

समृद्धीवरचा
माझं कायम जालना ते नागपूर. समृद्धीवर रात्री गाडी चालवली, त्यातून पावसाळा संपता संपता, की पुढचा बंपर आणि बॉनेट किड्यांनी भरून जातं. ते तसंच दोन दिवस उन्हात राहू देऊ नका, वाळून डाग धरतो. ओला टॉवेल पाच-दहा मिनिटं अंथरून ठेवायचा, मऊ झालं की हलक्या हातानं पुसायचं. पक्ष्यांच्या विष्ठेलाही हेच. गाडीत पाण्याची बाटली आणि दोन स्वच्छ मायक्रोफायबर असलेच पाहिजेत.

प्रेशर चालतं, पण पुढचा माणूस कोण आहे त्यावर. नोझल एक-दीड फूट लांब, पसरट फवारा, आणि फिल्मच्या कडेवर तिरका झोत नाही. बॉनेटची कड, हेडलाइटभोवती, दाराच्या हँडलमागची वाटी, इथं जवळून मारलं की कड उचलते. उचललेल्या कडेत माती गेली की ती परत चिकटत नाही. सेंटरवर समोर उभं राहा, खालून डिझेल मारू देऊ नका, शेवटी ते चकाकीसाठी जे पॉलिश फिरवतात तेही नको. त्यात रॉकेलसारखं काही असलं तर कडेचा गोंद मऊ पडतो.

सिरॅमिक मी केलंय, माझ्या मते करावं. माती लवकर सुटते.

गोदाकाठ_डिटेलिंग
सिरॅमिकबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. चांगल्या टीपीयू फिल्मच्या वरच्या थरातच पाणी झटकायचा गुण असतो. सिरॅमिकनं तो वाढतो, माती सुटते हे मान्य. पण पाण्याचे थेंब गोल उभे राहतात, आणि 1140 च्या पाण्याचा गोल थेंब वाळला की डाग उलट ठळक उमटतो. लातूरच्या माणसानं सिरॅमिकवर पैसे घालण्याआधी टॉवेल, मिट, पंप आणि सावलीची सोय करावी. वर्षभरानं वाटलं तर करा, फिल्मवर चालणारंच निवडा, आणि फिल्मच्या वॉरंटीत चालतं का ते लावणाऱ्याला विचारून घ्या. मशीन पॉलिश किंवा रबिंग कंपाउंड मात्र फिल्मवर कधीच नाही, वरचा थर घासून जातो.

क्षाराचे डाग पडलेच तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बॅटरीत टाकायला मिळतं तेच पाणी चालेल. सावलीत, भिजवलेलं कापड मिनिटभर डागावर ठेवा, पुसा, शांपूनं धुऊन टाका. काही ठिकाणी काचेचे डाग काढायला फरशीचं ॲसिड वापरतात, ते गाडीच्या जवळपासही येऊ देऊ नका. नव्या रस्त्याचं डांबर उडालं तर पेट्रोल-थिनर लावू नका. फिल्मला चालणारा टार रिमूव्हर आधी कोपऱ्यात लावून बघा आणि लगेच धुवा.

परळीवाला
आमच्याकडं थर्मल वीज केंद्राची राख उडते, वारा असला की गाडीवर पावडर पसरल्यासारखी दिसते. कव्हर घालतो म्हणणाऱ्यांना सांगावं वाटतं, मळक्या गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्यानं कव्हर हलतं आणि खालची राख-माती घासत राहते. धुऊन कोरडी केलेल्या गाडीवरच घाला, नाहीतर पत्र्याच्या शेडखाली उघडी असलेली बरी.

बीडची_ताई
दादा, दसरा जवळ आलाय म्हणून सांगते, याचा विचार कुणी करत नाही. पूजेला ओलं कुंकू बॉनेटवर लावतात, स्वस्तिक काढतात. हळदीचा पिवळेपणा उन्हानं हळूहळू उडतो, पण बाजारातल्या कुंकवात रंग असतो आणि तो पांढऱ्या किंवा मॅट फिल्मवर धरून बसतो. आमच्याकडं आता स्वस्तिक पुढच्या काचेवर काढतो, हळद-कुंकू नंबर प्लेटला आणि टायरला. पूजा पूर्ण होते, कुणाचं मन मोडत नाही. झेंडूचा हार ग्रिलला दोऱ्यानं बांधा, तारेनं नको, आणि संध्याकाळी काढून ठेवा. फुलं ओली राहिली की खाली डाग सुटतो. तुळजापूरला किंवा माळेगावच्या यात्रेला गेलात आणि गाडीवर कुंकू-भंडारा पडला, तर घरी पोचून हातानं झाडू नका, पाणी मारून वाहू द्या.

आणि मुलांची नावं, देवाचं नाव असं रेडियम फिल्मवर चिकटवू नका. काढताना वरचा थर ओढला जातो. मागच्या काचेवर लावा.

बार्शीरोड_लातूर
ताई, हे फार उपयोगी. आई स्वस्तिक बॉनेटवरच काढणार होती, तिला काचेवरचं सांगतो, ती ऐकंल.

पंप आणि मिट मागवलेत. आता शेवटचं. मागच्या डाव्या दाराच्या हँडलजवळ दोन बारीक बुडबुडे दिसायलेत आणि बंपरच्या कडेला काळी रेघ. सुईनं टोचून हवा काढावी का?

गोदाकाठ_डिटेलिंग
टोचू नका. नवी फिल्म आहे, आत लावतानाचं पाणी राहिलेलं असतं. ऊन लागलं की ते काही आठवड्यांत उडून जातं आणि बुडबुडा बसतो. बोटानं दाबून बघा. मऊ लागला तर पाणी, थांबा. आत कण टोचल्यासारखा लागला तर धूळ अडकलीय, ती आपोआप जाणार नाही. महिना-दीड महिन्यानंही राहिला तर लावणाऱ्याकडं घेऊन जा. लावल्यानंतरची तपासणी बहुतेक जण करून देतात, बिल आणि वॉरंटी कार्ड सोबत न्या.

काळी रेघ म्हणजे कडेच्या गोंदाला धरलेली धूळ. मऊ ब्रश शांपूच्या पाण्यात बुडवून कडेच्या दिशेनं फिरवा, कडेच्या आत घुसवू नका. नाही निघाली तर आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्म्या पाण्यात मिसळून कापडानं पुसा. प्रत्येक धुण्याला एवढं केलं तर ती रेघ साचत नाही.