लुचाई, लुचणे आणि झपाटणे

नारायण धारपांची 'लुचाई' ही भयकादंबरी गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा वाचून काढली. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी शाळेत होते आणि रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायची हिंमत झाली नव्हती. आता पन्नाशी जवळ आली, तरी शेवटची पानं घरातले सगळे दिवे लावूनच वाचली. धारप माझे सगळ्यात आवडते लेखक. शंभरावर पुस्तकं लिहिली त्यांनी, पण घाबरवायचं म्हणून आवाज फारसा चढवत नाहीत. घर, जिना, तिन्हीसांजेची वेळ, सगळं आपल्या ओळखीचं असतं, आणि त्या ओळखीच्या जागेतच पाय गारठतात.

इथे कथा सांगत नाही, ज्यांनी वाचली नसेल त्यांचा रसभंग नको. स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या 'सेलम्स लॉट'वर ती बेतलेली आहे, म्हणजे त्यात रक्त पिणारे आहेत, एवढं पुरे. मला विचारायचंय ते शीर्षकाबद्दल. 'लुचाई' हा शब्द तुम्ही कसा फोडता?

माझ्या कानाला त्यात 'लुचणे' ऐकू येतं. आमच्या आजोळी गाय होती. धार काढायच्या आधी मामी वासराचं दावं सोडायची. ते थेट कासेकडे धावायचं, ढुशा द्यायचं, एक सड सोडून दुसरा तोंडात धरायचं. आजी ओट्यावरून सांगायची, "लुचू दे गं जरा, पान्हा सोडू दे तिला." पान्हा सुटला की मामी वासराला ओढून खुंटीला बांधायची. त्याच्या तोंडाला फेस असायचा आणि रिकाम्या तोंडात जीभ अजून हलत असायची. तान्हं मूल आईला लुचतं, तेही हेच क्रियापद. इतकं मायेचं क्रियापद रात्री अकरा वाजता असल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वाचलं की पोटात कसंतरीच होतं.

आणि शेवटचं '-आई' मला मरीआई, तुकाई, यमाई, जाखाई, काळकाई यांच्या रांगेतलं वाटतं. गावाच्या वेशीवरच्या, माळावरच्या देवी. दोन्ही जोडून बघा: लुचणारी आई. पाजायचं जिनं, तीच लुचते. हे माझं वाचन झालं. तुम्हाला त्यात काय ऐकू येतं?

प्रतिसाद

ताई, मला तर सरळ 'लुच्चा' दिसला. दांडगा-दांडगाई, चतुर-चतुराई, तशी लुच्चाची लुचाई. '-आई' म्हणजे दर वेळी देवीच असेल असं नाही.

प्रश्नकर्ती

दांडगाईचं उदाहरण बिनतोड आहे, ते मान्य. पण मग जोडाक्षर गेलं कुठे? आणि आपण लुच्चेगिरी म्हणतो, लुच्चेपणा म्हणतो. 'लुच्चाई' मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. शिवाय लुच्च्याचा राग येतो, त्याची भीती नाही वाटत. हा शब्द उच्चारताना मला भीती वाटते, म्हणून मी माझ्या वासरालाच धरून राहते.

प्रतिसाद

मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे भुतांना नावांची कमी नाही. मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा तो मुंजा, त्याचं बिऱ्हाड पिंपळावर. बाळंतपणात गेलेली बाई ती अळवंत. वाट चुकवून एकाच जागी फिरवत ठेवतो तो चकवा. खवीस हा शब्द अरबी 'खबीस'वरून आला, म्हणजे दुष्ट. देवचार हा तर गावाचा राखणदार. त्याला भूत म्हटलेलं आजोबांना अजिबात खपत नसे. बहुतेक नावांतून तो कोण होता किंवा काय करतो ते कळतं. पण रक्त पिणं हेच ज्याचं मुख्य काम, असं यांतलं कुणी नाही. म्हणून व्हँपायरला आपल्याकडे घरचा शब्द नव्हता. 'रक्तपिपासू' आहे, पण तो वर्तमानपत्रांनी हुकूमशहांना देऊन टाकला, आणि पिपासू म्हणजे नुसता तहानलेला. तो पितो की नाही, ते शब्दात कुठेच नाही. तुमचं 'लुचणे' खरं असेल तर धारपांनी ती जागा एका शब्दात भरली असं म्हणायला हवं.

प्रश्नकर्ती

दादा, तुम्ही हे लिहिलंत आणि मी दुपारभर तोंडाने ओढून घेण्याची क्रियापदं गोळा करत बसले. आंबा चोखतात. जमीन पाणी शोषते. सरबत नळीने ओढतात. डास रक्त पितो खरा, पण आपण म्हणतो चावला. या सगळ्यांत समोरच्याची काही भूमिका नाही, आंब्याला कोण विचारतं? लुचणं मात्र एकट्याने होत नाही. त्याला दुसरा जिवंत, ऊबदार जीव लागतो आणि त्या जिवाने पान्हा सोडावा लागतो. गाय बुजली, रागावली तर आखडते. मग वासराने कितीही ढुशा दिल्या तरी थेंब येत नाही.

आता अशा गोष्टींमधला जुना नियम आठवा. पिशाच्चाला उंबरा आपण होऊन ओलांडता येत नाही, आतल्या माणसाने त्याला 'ये' म्हणावं लागतं. खिडकीशी ओळखीचा चेहरा दिसतो, ओळखीचा आवाज ऐकू येतो आणि आतलं माणूस स्वतःच्या हाताने कडी काढतं. चोखणे किंवा शोषणे या शब्दांत ही कडी काढणं नाही. लुचण्यात आहे. मला या शब्दाची भीती का वाटते ते मला हे लिहितानाच कळलं.

प्रतिसाद

थोडं विषयांतर. पुस्तकांच्या जाहिरातीत हल्ली सगळीकडे 'खिळवून ठेवणारी' वाचायला मिळतं. वाईट शब्द नाही. मांत्रिक झाडाला खिळा ठोकून भूत खिळवतो, भीतीने आपली दातखिळी बसते, तेव्हा तोही त्याच मुलखातला आहे. पण आमच्या घरी म्हणायचे, "पोरगी झपाटून वाचतेय." झपाटतं कोण? भूत. माणसाला भूत झपाटतं आणि पुस्तकही झपाटतं, दोन्हीला शब्द एकच. त्यात झपाझप, झपाट्याने यांचा वेगही आहे: झडप पडते आणि माणूस आपला राहत नाही. भयकादंबरी आवडली हे सांगायला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. 'थरारक' तर क्रिकेटच्या सामन्यालाही चालतो.

प्रतिसाद

झपाटण्याला व्याकरणाचीही साथ आहे बरं का. "मी पुस्तक खाली ठेवलं नाही" असं कुणी सांगितलं तर तो त्याचा निर्णय झाला. "मला पुस्तक खाली ठेववेना" म्हटलं की 'मी' कर्तेपणावरून उतरून 'मला' झाला, करणारा दुसराच कुणीतरी. भीतीचंही तसंच चालतं. भीती वाटते मला, काटा येतो अंगावर, धस्स होतं छातीत, बोबडी वळते ती आपणहून. आणि गोडी लागते तीसुद्धा मलाच. आजी ताप कधी उतरेल याची वाट बघायची तशी आई माझी कादंबरी कधी संपेल याची वाट बघायची.

प्रश्नकर्ती

किती छान सांगितलंत! यात माझा एक शब्द घालते: उतारा. पुस्तकातला वेचा तो उतारा, आणि झपाटलेल्यावरून ओवाळून तिठ्यावर ठेवतात तोही उताराच. आजीचा उतारा मला आठवतो. दहीभात, त्यावर गुलाल, बाजूला कापलेलं लिंबू. ठेवून परतताना मागे वळून बघायचं नाही.

काल भाची राहायला आली होती. आमची चर्चा तिला वाचून दाखवली तर म्हणाली, मावशी, मग त्या पुस्तकातला एक तरी उतारा वाच की. वाचला दीड पान. ती एकदाही हलली नाही, चादरीचं टोक मात्र मुठीत धरून होती. दिवा मालवला. बराच वेळ गेल्यावर अंधारातून आवाज आला, "मावशी, खिडकीची कडी लावलीयेस ना?"

लावली होती. तरी उठून हाताने चाचपून बघितली.