कापडी बाहुल्यांच्या संचात दोन आया असाव्यात का?

सुईदोरा: सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतलं कात्रण किलोवर मिळतं. त्यातून बाहुल्या करून बचत गटांनी जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत विकाव्यात, अशी कल्पना आहे. संच चौघांचा, आई-बाबा आणि दोन मुलं. माझं मत, काही संचांत दोन आया किंवा दोन बाबा हवेत, समलिंगी जोडप्यांची घरंही खेळात दिसावीत म्हणून. अंग सगळ्यांचं एकाच फर्म्यावर, बारा इंची, पाव इंच माया ठेवून. फरक फक्त केसांत आणि कपड्यांत, त्यामुळे खर्च वाढत नाही. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीनं २०१९ मध्ये ‘क्रिएटेबल वर्ल्ड’ आणलं ते असंच: आखूड केसांची एक बाहुली, वर लांब केसांचा टोप, पँट आणि स्कर्ट दोन्ही.

पेठेतला खेळणीवाला: माझा विरोध आहे. गड्ड्यात गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबतं. दोन साड्या दिसल्या की ‘यात बाबा राहिला’ म्हणून संच बदलून मागणार. सांगायचं ते पोचणार नाही आणि माल परत येईल. शिवाय भातुकलीत कोण कुणाचं हे पोरं स्वतःच ठरवतात. मोठ्यांची भूमिका बाहुलीवर शिवू नका.

बालवाडीताई: मग आई-बाबांची जोडी बांधून विकतो, ती कुणाची भूमिका? ती रोजची म्हणून डोळ्यांत येत नाही, एवढंच. लेगोनं २०२१ मध्ये समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांच्या सन्मानार्थ अकरा रंगांच्या अकरा आकृत्यांचा ‘एव्हरीवन इज ऑसम’ संच काढला, तुकडे ३४६, पण खोक्यावर वय १८ च्या पुढे. अमेरिकेतली पारलिंगी अभिनेत्री लॅव्हर्न कॉक्स हिच्यावरची २०२२ ची बार्बीही संग्राहकांच्या मालिकेतली. मुलांच्या नावानं भांडण आणि वस्तू मोठ्यांच्या कपाटात! चार वर्षांच्या हातात जाईल असं काहीतरी करा.

कात्रणवाला: बाजू कुठलीही घ्या, समलिंगी-तृतीयपंथी चळवळीची खूण म्हणून इंद्रधनुषी झालर लावू नका. गणवेशाच्या टेरीकॉटमध्ये निळा, करडा, खाकी सापडतो. नारिंगी आणि जांभळा विकत आणावा लागेल. स्वस्त तांबडं सुती कापड पहिल्याच धुण्यात रंग सोडतं आणि बाहुलीचा चेहरा गुलाबी होतो. ओल्या पांढऱ्या फडक्याखाली ठेवून गरम इस्त्री दाबा, फडक्यावर डाग उठला तर ते कापड बाद. वेल्क्रोही नको, त्याच्या काटेरी बाजूत लोकरीचे केस अडकून उपटतात. कमरेला इलॅस्टिक घाला. डोळे भरतकामाचे हवेत. बटण निघालं की तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात जाऊ शकतं.

सुईदोरा: पटलं, झालर रद्द. तृतीयपंथी बाहुली केली तर तिलाही टाळीचे हात आणि भडक ओठ देणार नाही. शिक्षिका करू, बसवाहक करू. परवान्याचंही पाहायला हवं: २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, सूट आहे ती हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना. नोंद आधी. आणि संच न बांधता बाहुल्या सुट्या विकल्या तर?

पेठेतला खेळणीवाला: सुट्या चालतील. टोपलीत ठेवा, गिऱ्हाईक जोड्या लावेल. फक्त वर पाटी नको.

बालवाडीताई: पाटी नसेल तर नव्वद टक्के गिऱ्हाईक आई-बाबाच उचलणार, आणि ज्या घरात दोन आया आहेत त्या घरातलं मूल आताइतकंच अदृश्य राहणार. टोपलीच्या पुढच्या बाजूला दोन आया आणि एक मूल असं एक कुटुंब बसवून ठेवा. पाटी नसली तरी चालेल, पण ते तिघं समोर हवेत.

पेठेतला खेळणीवाला: समोर नको, मधल्या रांगेत ठेवा. यापुढे मी सरकणार नाही.