क्लॅमथची चार धरणं पाडण्याआधीचा पर्यावरण आघात अहवाल: पुरेसा होता की घाईचा?

पाणवठा
कॅलिफोर्निया-ऑरेगन सीमेवरच्या क्लॅमथ नदीवरची जे. सी. बॉयल, कॉप्को १, कॉप्को २ आणि आयर्न गेट ही चार जलविद्युत धरणं २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत पाडून झाली. त्याआधी अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये अंतिम पर्यावरण आघात अहवाल काढला आणि १७ नोव्हेंबर २०२२ ला धरणांचा वीजनिर्मितीचा परवाना परत करायला, म्हणजेच ती पाडायला, मंजुरी दिली. आक्षेप नेहमी एकच असतो: गाळाने नदी गुदमरेल, मासे मरतील असं अहवालातच लिहिलंय, मग मंजुरी दिलीच कशी?

माझ्या मते तोच या अहवालाचा भक्कम भाग आहे. जलाशयांत सुमारे दीड कोटी घनयार्ड गाळ साठलेला. त्यातला तिसरा हिस्सा ते निम्मा वाहून जाईल असा अंदाज होता. हा गाळ वाळूचा नाही. बराचसा बारीक, मेलेल्या शेवाळाचा. तो ढवळला की पाण्यातला विरघळलेला प्राणवायू खातो. म्हणून जलाशय रिकामे करायला जानेवारी निवडला. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, हिवाळी विसर्ग गाळ पुढे रेटतो, चिनूक सामन माशांची अंडी घालून झालेली असतात आणि कोहो या सामनच्या दुसऱ्या जातीची बरीच पिल्लं उपनद्यांत असतात. शिवाय तिन्ही मोठे जलाशय एकाच हिवाळ्यात. दरवर्षी एकेक धरण काढलं असतं, तर लागोपाठ तीन वर्षांच्या पिढ्या गाळात सापडल्या असत्या.

काठावरचा
माशांचं वेळापत्रक नीट पाहिलं, माणसांचं नाही. कॉप्को जलाशयाच्या काठच्या घरगुती विहिरींना जलाशयाचा पाझर मिळायचा. जलाशय गेला की भूजलपातळी खाली जाणार, हे सांगायला अहवालही नको. नुकसानभरपाई म्हणून विहीर खोल करून देणं ठीक, पण ‘आधीची पातळी’ ठरवणार कशावरून? एकदा टेप सोडून घेतलेली नोंद कामाची नाही. निदान दोन वर्षं, उन्हाळा आणि पावसाळा दोन्हीत, उपसा बंद ठेवून स्थिर पातळी मोजायला हवी. नाहीतर विहीर आटली की ‘हा दुष्काळाचा परिणाम’ म्हणून हात झटकता येतात.

पुराचंही तसंच. आयर्न गेटच्या खाली सुमारे अठरा मैलांपर्यंत शंभर वर्षांच्या पुराची (सरासरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) रेषा सरकते, हे मान्य करूनही धोका किरकोळ ठरवला गेला.

साकव
काठावरचा, विहिरींबद्दल सहमत. पुराबद्दल नाही. ही धरणं पूर अडवायला बांधलेलीच नव्हती. पूर अडवायचा तर हिवाळ्यात साठा रिकामा ठेवावा लागतो. वीजनिर्मितीचे जलाशय भरलेले असतात, वरून आलेलं पाणी सांडव्यावरून खाली जातं. पुराचं शिखर थोडं कमी व्हायचं, तेवढंच. रेषेत येणाऱ्या घरांचे जोते उंच करणं किंवा ती हलवणं हाच मार्ग होता.

अहवालात मला सगळ्यात पटलेला भाग कंटाळवाणा आहे: पाणी उतरवण्याचा वेग. आयर्न गेट मातीचं धरण. पाणी झपाट्याने उतरलं तर बाहेरचा दाब जातो, पण भरावात मुरलेलं पाणी तितक्या लवकर निघत नाही. आतला दाब तसाच राहतो आणि वरच्या अंगाचा उतार घसरतो. जलाशयाच्या कडांचंही तेच. म्हणून ११ जानेवारी २०२४ ला तळाच्या बोगद्याचं दार उघडलं, तेव्हा पातळी दिवसाला दोन ते चार फूट उतरेल असा हिशेब होता. कॉप्को १ काँक्रीटचं, त्याच्या तळाशी बोगदा खणून २३ जानेवारीला शेवटचा अडसर स्फोटाने उडवला. मातीच्या धरणावरून पाणी वाहून चालत नाही, त्यामुळे आयर्न गेटचा भराव पुढच्या हिवाळ्याच्या आत उचलणं भागच होतं.

यरीका शहराची पाण्याची वाहिनी आयर्न गेटच्याच जलाशयाच्या तळातून जायची. ती उघडी पडून प्रवाहात तुटू नये म्हणून नवी वाहिनी आधी टाकली. हे सुटलं असतं तर अख्ख्या शहराचं पाणी बंद झालं असतं.

रेतीघाट
एवढा नेमका हिशेब होता, तर फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस फॉल क्रीक हॅचरीतून (मत्स्यबीज केंद्रातून) सोडलेली आठ लाखांहून जास्त चिनूक पिल्लं कशी मेली?

पाणवठा
गाळाने नाही. ती आयर्न गेटच्या बोगद्यातून खाली गेली. दाब एकदम बदलल्याने रक्तात वायूचे बुडबुडे झाले. डोळ्यांत, कल्ल्यांत तशा खुणा दिसल्या. त्या वेळी खालचा प्राणवायू आणि गढूळपणा जगण्याजोगा होता. धरण पडेपर्यंत पिल्लं आयर्न गेटच्या खालीच सोडायची, हा निर्णय घटनेनंतर झाला. तो आधी व्हायला हवा होता. ही चूक हॅचरीच्या नियोजनाची. धरण पाडण्याविरुद्धचा पुरावा म्हणून ती वापरू नका.

काळीमाती
तुम्ही सगळे पहिल्या वर्षावर अडकलाय. मला काळजी दहाव्या वर्षाची आहे. वर अप्पर क्लॅमथ लेक स्फुरदाने भरलेलं, उन्हाळ्यात शेवाळाने हिरवं. लिंक रिव्हर आणि कीनो ही धरणं तशीच आहेत. पाडलेले जलाशय यातली काही पोषकद्रव्यं अडवत होते. आता ती सरळ खाली जाणार.

साकव
जातील, पण तेच जलाशय उन्हाळ्यात विषारी शेवाळाचं शेत झाले होते. वाहत्या पाण्यात ते शेवाळ तसं माजत नाही. दुसरं, धरणाखालचा स्थिर, न हलणारा तळ सामनला आजारी पाडणाऱ्या सेरॅटोनोव्हा शास्ता या परजीवीला फावतो. त्याचा मधला यजमान एक बारीक कृमी, तो अशाच तळावर वस्ती करतो. तळाची रेती-गोटे पुरात पुन्हा हलू लागले की ती वस्ती खरवडून निघते. अहवालात हे दोन्ही आहे.

आणि ‘जैसे थे’ हा पर्याय कागदावरच होता. परवाना नव्याने घ्यायचा तर माशांसाठी पायऱ्या बांधण्याची अट होती, आणि २००७ च्या अहवालानुसार त्या अटींसह वीजनिर्मिती तोट्यात गेली असती.

काळीमाती
तरी मुद्दा उरतोच. ऑक्टोबर २०२४ मध्ये चिनूक स्पेन्सर क्रीकपर्यंत पोचले, आनंदच आहे. पण ते ठिकाण कीनोच्या खाली. वर जायचं तर कीनोच्या जुन्या मत्स्यमार्गातून, आणि उन्हाळ्यात तिथला प्राणवायू कमी, पाणी कोमट. कीनोच्या वर आणि खाली तासातासाची प्राणवायू-तापमान नोंद आणि जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला स्फुरदाचे नमुने, हे निदान दहा वर्षं बंधनकारक करा. त्याचा खर्च पाडकामाच्या निधीवर ढकलून चालणार नाही, कारण तो निधी संपतो.

काठावरचा
त्यात विहिरींची पातळीही घाला. त्याच यादीत, त्याच मुदतीसाठी.