'कॉरोनेट' म्हणजे मुकुट की शिरपेच?

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा जुना सिनेमा दाखवतो. या खेपेला 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' आहे. ईलिंग स्टुडिओचा, १९४९ चा, दिग्दर्शक रॉबर्ट हॅमर. ॲलेक गिनेसने एकट्याने एका खानदानातली आठ माणसं केली आहेत तोच. पत्रकावर मराठी नाव हवं म्हणून मी 'कनवाळू मनं आणि मुकुट' लिहिलं. घरात वाचून दाखवलं तर उत्तर आलं, "दत्तजयंतीचं आमंत्रण वाटतंय." 'कॉरोनेट'ला दुसरा शब्द सुचवा. आणि खाली 'भाऊबंदकीची विनोदी गोष्ट' असं टाकलं तर चालेल ना?

* * *

घरच्यांचं बरोबर आहे, ताई. मुकुट म्हटलं की आपल्याला देव दिसतो, फार तर नाटकातला राजा. कॉरोनेट राजाचा नव्हेच, तो उमरावांचा. शिवाय तो बघून दर्जा ओळखता येतो. ड्यूकच्या कॉरोनेटवर स्ट्रॉबेरीची आठ पानं, मार्क्विसला चार पानं आणि चार चांदीचे गोळे, व्हायकाउंटला सोळा गोळे, बॅरनला सहा. गोळे जास्त तो मोठा असंही नाही, सोळावाला आठ पानांच्या बराच खाली बसतो. आणि हे सगळं डोक्यावर चढायचं ते फक्त राज्याभिषेकाच्या दिवशी.

आपल्याकडे दर्जा आकड्यात सांगत. पुरंदरच्या तहानंतर, १६६५ साली, संभाजीराजांना मिळाली ती पंचहजारी मनसब. अर्थाने 'मनसब' जवळचा, पण मनसब डोक्यावर कशी घालणार? म्हणून माझं मत शिरपेचाला. पागोट्यावर बांधायचा, मानाचा, दरबारातला. 'छोटा मुकुट' मात्र कृपा करून नको, ते बारशाचं सामान वाटतं.

* * *

शिरपेचाला माझी अर्धी हरकत. आपल्या कानाला शिरपेच कमावलेला वाटतो, काहीतरी करून दाखवलं की त्यात तुरा खोवतात. कॉरोनेट मिळायला जन्माला येणं पुरतं. सिनेमाची गंमत अशी की नायक लुई मॅझिनी हा एकटाच गडी तो 'कमावतो', ड्यूकपदाच्या रांगेत पुढे असलेले एकेक उडवून. त्या अर्थाने शिरपेच फिट्ट बसतो म्हणा.

दुसरं, नाव इंग्रज कवी टेनिसनच्या कवितेतून उचललंय. तिथे म्हटलंय की कनवाळू मन कॉरोनेटपेक्षा मोठं, आणि साधीभोळी श्रद्धा नॉर्मन रक्तापेक्षा, म्हणजे खानदानी कुळापेक्षा. सिनेमावाल्यांनी 'पेक्षा' काढला आणि नुसता 'आणि' ठेवला. उपदेश गेला, खोडी उरली. तेव्हा 'शिरपेचाहून मन थोर' छाप सुविचार करू नका, तो शाळेच्या फळ्यावर शोभेल.

* * *

भाऊबंदकीबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी.

चालणार नाही. भाऊबंद म्हणजे बापाकडचे, एका कुळाचे, आणि भाऊबंदकी म्हणजे त्यांच्यातलं वाटणीवरून जुंपणं. बांध कोरणं, विहिरीची पाळी, मग कोर्ट. लुईचा बाप इटालियन गवई. ड्यूकांचं डॅस्कॉइन खानदान त्याच्या आईचं. गवयाशी लग्न केलं म्हणून तिला घराने टाकलं, मेल्यावर घराण्याच्या दफनघरात जागासुद्धा दिली नाही. लुई सूड घेतो तो याचा. म्हणजे तो ज्यांना मारतोय ते त्याचे भाऊबंद नाहीतच. ते त्याचं आजोळ आहे!

इंग्रजीत सगळ्यांना मिळून एकच 'कझिन', त्यामुळे हे तिकडे जाणवत नाही. मराठीत सांगायला घ्या, लगेच मामेभाऊ, मावसभाऊ असं करावं लागतं आणि अंगावर काटा येतो. आपल्याकडे सुट्टीत मामाच्या गावाला जायचं ते आंबे खायला. हा जातो पेट्रोल घेऊन. एका नातेवाइकाला फोटोग्राफीचा नाद, त्याच्या अंधाऱ्या खोलीच्या दिव्यात रॉकेलऐवजी पेट्रोल भरतो, आणि स्वतः बाहेर बागेत त्याच्या बायकोबरोबर शांतपणे चहा घेत बसतो. मामाला मारणारा भाचा आपल्याला नवा नाही म्हणा, पण कृष्णाने निदान चहा घेतला नव्हता.

वाटणीचाही प्रश्न येत नाही. ड्यूकपद अख्खं एकालाच जातं, बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं. वाटणी असती तर लुई वकिलाकडे गेला असता. रांग आहे म्हणून खून.

* * *

आजोळ पटलं. एक शब्द माझ्याकडून: श्रीमंत. सुरुवातीलाच जल्लाद तुरुंगात येतो आणि त्याला काळजी कसली, तर फाशी द्यायच्या ड्यूकला हाक कशी मारायची! मराठीत तिथे 'महाराज' घातलं तर राजा होतो, 'साहेब' म्हटलं तर मामलेदार. 'श्रीमंत' हाच. पेशव्यांना लावायचे तसा. आता तो नुसता पैसेवाल्याला उरलाय, तेही इथे खपतं.

जाता जाता, लुईवर खटला चालतो तो हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, कारण उमरावाचा न्याय उमरावांनीच करायचा. हा हक्क १९४८ च्या कायद्याने काढून टाकला आणि पुढच्याच वर्षी हा सिनेमा आला. तेव्हाच्या प्रेक्षकांना तो प्रसंग किती ताजा लागला असेल. आणि ताई, शेवट पत्रकात फोडू नका.

* * *

सगळ्यांचे आभार. भाऊबंदकी खोडली. मोठ्या अक्षरात मूळ नाव, खाली 'आजोळची श्रीमंती', आणि ओळखीत 'कनवाळू मनं, मानाचे शिरपेच' असं दिलं. वाक्य होतं, 'आठ जणांचे प्राण एका शिरपेचात अडकलेले.' छापून आलंय 'एका शिर पेचात'. पाचशे प्रती. पहिल्याच दृश्यात लुई फाशीच्या कोठडीत बसलेला असतो, तेव्हा परत छापत नाही.